पानिपत संक्रांतीच्या दिवशी झाले काय?

मकर संक्रांत आली की तिळगुळाबरोबर आपल्याकडे थोडा इतिहासही वाटला जातो. पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, त्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली आणि तेव्हापासून हा शब्द अशुभ अर्थाने रूढ झाला, असे घरात वडील मंडळी सांगतात, शाळेत मास्तर सांगतात, सभेत पुढारी सांगतात. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण दोहोंची तारीख एकच, १४ जानेवारी. भिंतीवर कॅलेंडर टांगलेले आहे. आणखी पुरावा तो कोणता हवा?

परंतु १४ जानेवारी ही संक्रांतीची तारीख आपल्या काळातील आहे. १७६१ साली संक्रांत कोणत्या दिवशी आली होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज तोच विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर काढण्यास वेधशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी एवढ्यावर ते निघते.

मजुरांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने पंचांगात डोके का घालावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. एक तर तारखेवर आमच्या लोकांची भाकरी अवलंबून असते. त्याचे उदाहरण पुढे देणार आहे. दुसरे असे की, पानिपत ही आपल्यापासून दूर कुठे तरी उत्तरेत घडलेली गोष्ट नव्हे. सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाला उदगीरला नमविले आणि मार्चमध्ये परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली. उदगीर, परतूर ही आपल्या मराठवाड्याचीच गावे. पानिपतकडे जाणारी वाट आपल्या शेताच्या बांधावरून गेली आहे, तेव्हा ती तारीख नीट तपासण्याचा अधिकार कळमनुरीकरांना पुण्याच्या पंडितांइतकाच आहे.

प्रथम लढाईचा दिवस. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रम नाम संवत्सर, वार बुधवार. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. याबद्दल वाद नाही आणि ताळाही जमतो. त्या महिन्यात अमावास्या ६ जानेवारीस होती. तेथून मोजत गेले की १४ तारखेस अष्टमी येते, आणि वार मागे मोजीत गेले तर बुधवारच पडतो. चंद्र आणि वार असे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच जबानी देतात, म्हणून हा दिवस पक्का समजावा.

आता संक्रांत. आपले बहुतेक सण चंद्राचे आहेत. गणपती, दसरा, दिवाळी, पाडवा हे तिथीने येतात आणि इंग्रजी तारखांत मागे-पुढे नाचतात. संक्रांत मात्र सूर्याची. सूर्य धनु राशीतून मकर राशीत जातो तो क्षण म्हणजे मकर संक्रमण. इंग्रजी सालही सूर्यावरच चालते, म्हणून दोहोंची चाल जवळजवळ सारखी राहते आणि संक्रांत १४ जानेवारीला खिळलेली आहे असा भास होतो. खिळा घट्ट नाही, एवढेच. सूर्य ताऱ्यांच्या दृष्टीने त्याच जागी परत यावयास ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटे लागतात. इंग्रजी साल, लीप वर्षांची सरासरी धरून, ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांचे आहे. दर वर्षी वीस मिनिटांचा फरक. वीस मिनिटे म्हणजे काय, चहा पिण्यात जातात; पण बहात्तर वर्षांत त्यांचा अख्खा दिवस होतो. संक्रांत इंग्रजी तारखांत सावकाश पुढे सरकत आहे. म्हणजे मागे गेलो तर ती १४ च्या अलीकडे सापडली पाहिजे.

किती अलीकडे, ते काढू. २०२३ साली मकर संक्रमण १४ जानेवारीच्या रात्री नऊच्या सुमारास झाले. सूर्यास्तानंतर संक्रमण झाल्यामुळे पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरला आणि सण १५ तारखेस झाला, हे पुष्कळांना आठवत असेल. तेथून १७६१ पर्यंत मागे जाण्यास २६२ वर्षे. इंग्रजी कॅलेंडराच्या २६२ वर्षांत ३६५ च्या हिशेबाने ९५,६३० दिवस, अधिक लीप वर्षांचे ६३ दिवस, एकूण ९५,६९३. हे ६३ मोजताना १८०० आणि १९०० ही साले गाळावयाची, कारण ती लीप नव्हती. (लीप दिवस मोजण्याची सवय मला हजेरीपटाने लावली. २९ फेब्रुवारीचा रोज रोजंदारीवाल्याला मिळतो. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला तो दिवस तसाच राबावा लागतो.) आता सूर्याच्या २६२ फेऱ्यांना लागतात ९५,६९७ दिवस आणि सुमारे चार तास. फरक चार दिवस चार तास. १४ जानेवारीच्या रात्री नऊमधून तो वजा केला की उत्तर येते १० जानेवारी, सायंकाळी पाचचा सुमार.

१७६१ ची मकर संक्रांत १० जानेवारीस, शनिवारी होती. पानिपतची लढाई तिच्यानंतर चार दिवसांनी झाली.

येथे जाणकार लगेच उठून म्हणेल की, हे आजचे सूक्ष्म गणित झाले; पेशवाईतले जोशी सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतले वर्षमान वापरीत, ते थोडे वेगळे होते. आक्षेप रास्त आहे. त्या ग्रंथाचे वर्ष आजच्या मानापेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास मोठे आहे. म्हणून त्याही मानाने हिशेब केला. संक्रमण त्याच १० जानेवारीच्या सकाळी येते. सकाळ की सायंकाळ एवढाच मतभेद, दिवस बदलत नाही; आणि चार दिवसांची तूट तर कोणत्याच मानाने भरून निघत नाही. आणखी एक ताळा पाहावयाचा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस घ्या. ते १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले आणि तो दिवस बंगालात पौषसंक्रांतीचा होता, हे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. आपल्याच रीतीने २०२३ वरून १६० वर्षे मागे गेले की संक्रमण १२ जानेवारी १८६३ लाच पडते. हिशेब बरोबर आहे हे यावरून दिसेल.

हे काम आपल्यासाठी पूर्वीच एका मराठी माणसाने सोपे करून ठेवले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शाळामास्तर. त्यांनी रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर १८९६ साली हिंदी कालगणनेवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतची कोष्टके त्यात आहेत. ताम्रपट, शिलालेख, बखर यांतील तिथी घ्यावी, कोष्टकात पाहावी आणि इंग्रजी तारीख काढावी. लेखात ग्रहण लिहिले असेल आणि त्या दिवशी ग्रहण नसेल तर लेख खोटा की नकलकार चुकला, हेही उघड होते. दीक्षित पंचेचाळीस वर्षांचेही आयुष्य जगले नाहीत. मास्तराच्या पगारात आणि मास्तराच्या फुरसतीत एवढे काम करून गेलेल्या माणसाचे नाव आपल्या गावोगावच्या शाळांत ऐकू येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता भाकरीचे उदाहरण. २००० सालची गोष्ट. एका कचेरीत चौकीदार असलेला आमचा एक सभासद ३० जूनला निवृत्त होणार होता. कागदावर जन्मतारीख १ जुलै १९४२. ही १ जुलै म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरने सोयीसाठी टाकलेली तारीख. निम्म्या मराठवाड्याचा जन्म तीच तारीख धरून झालेला आहे! त्या वेळी येथे निजामाचे राज्य. कचेरीत फसली सन, आजूर, दय, बहमन हे महिने. बाजारात शके, मशिदीत हिजरी आणि रेल्वेत इंग्रजी. कोणत्या कागदावर काय लिहावे, याचा ताळमेळ साध्या माणसाला कसा लागणार? पण त्याच्या आईचे सांगणे पक्के होते: गांधीबाबांना धरले त्या साली, पोळ्याच्या दिवशी. पोळा श्रावण अमावास्येला. १९४२ साली ऑगस्टमध्ये १२ तारखेला अमावास्या होती आणि सप्टेंबरमध्ये १० तारखेला. श्रावणाची कोणती? त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले आणि श्रावण अमावास्या १० सप्टेंबरला आली. म्हणजे निवृत्ती सप्टेंबरअखेर, आणि तीन महिन्यांचा पगार माणसाच्या हक्काचा. आम्ही पंचांगासह अर्ज केला. कचेरीने उत्तर दिले की दाखल्यावरची तारीखच ग्राह्य. नियमाच्या दृष्टीने त्यांच्याजवळ उत्तर होते. पण त्या आईच्या स्मरणात जेवढे खरेपण होते तेवढे त्या दाखल्यात नव्हते, हेही तितकेच खरे.

या अधिक महिन्यापाशी जरा थांबले पाहिजे. बारा चांद्रमहिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी. ते भरून काढावयास सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक महिना वाढवितात. ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक, असा आपला नियम. तो सुंदर आहे, कारण कोणा राजाच्या किंवा भटजीच्या मर्जीवर त्यात काही सोडलेले नाही. एकोणीस वर्षांनी सूर्य-चंद्राची जोडी पुन्हा जवळजवळ जुळते. १९६१, १९८०, १९९९, २०१८ या चारही साली अधिक ज्येष्ठच होता, आणि आमच्या चौकीदाराचे १९४२ हे त्याच माळेतले.

मात्र संक्रांत कोणत्या क्षणी, यावर एकमत नसेल तर अधिक महिनाही बदलतो. राशिचक्राचा आरंभ कोठे धरावयाचा, हा आपल्याकडचा जुना वाद. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले आणि रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून आरंभ धरला. त्याच मार्गाने पुढे टिळक पंचांग आले. बहुसंख्य पंचांगे चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवितात. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीस येते आणि एखाद्या साली त्यांचा अधिक महिना वेगळा पडून रत्नागिरीकडील काही घरांत दिवाळी शेजाऱ्याच्या एक महिना आधी होते. (त्यांची आजची १० जानेवारी आणि पानिपतच्या सालची १० जानेवारी यांचा घोटाळा मात्र करू नये. तो योगायोग आहे.) ताऱ्याचा वाद चालतो आकाशात, आणि फराळाचे पदार्थ एका आळीत दोनदा तळले जातात!

असला घोटाळा आपल्याच देशात होतो असे कोणी समजू नये. ग्रीक लोकांचे महिनेही चंद्राचेच होते, आणि अथेन्सचे महिने वेगळे, स्पार्टाचे वेगळे. अथेन्सच्या मेटन नावाच्या ज्योतिष्याने आपण आताच पाहिलेला एकोणीस वर्षांचा मेळ इसवी सनापूर्वी ४३२ साली मांडला होता, तरी नगरातले अधिकारी दिवस मागे-पुढे करीतच. तेथील नाटककार ॲरिस्टोफेनीस याने आपल्या एका नाटकात चंद्रालाच तक्रार करावयास लावले आहे की, तुम्ही दिवसांचा गोंधळ करता आणि देव सणाला येऊन उपाशी परत जातात.

त्यांचेही एक पानिपत होते, फरक एवढाच की त्यात ते जिंकले. इसवी सनापूर्वी ४९० साली इराणची प्रचंड फौज मॅरेथॉनच्या मैदानात उतरली. अथेन्सने मदतीसाठी स्पार्टाकडे धावपटू पाठविला. स्पार्टाने निरोप दिला की आज महिन्याची नवमी; पौर्णिमा झाल्याशिवाय आमच्या रिवाजाप्रमाणे फौज हलविता येत नाही. पौर्णिमा होताच दोन हजार सैनिक निघाले, तिसऱ्या दिवशी पोहोचले, तोवर लढाई संपून गेली होती. हा वृत्तान्त हिरोडोटसने दिला आहे. स्पार्टात अपोलो देवाचा कार्निया नावाचा उत्सव पौर्णिमेपर्यंत चाले, आणि हा अडसर त्याचाच, असे बहुतेक पंडित मानतात. म्हणजे कार्निया त्या वर्षी केव्हा झाला हे कळले की मॅरेथॉनची तारीख कळते. आपल्या प्रश्नाचे उलटे रूप! आपल्याजवळ लढाईची तारीख आहे आणि सणाची शोधावयाची आहे. त्यांच्याजवळ सण आहे आणि लढाईची तारीख शोधावयाची आहे.

तेथेही लोकांनी दोन दिवस एकत्र कालवले होते. अथेन्सवासी आपल्या बोएड्रोमियन महिन्याच्या सहाव्या दिवशी विजयाचा उत्सव करीत. लढाईपूर्वी त्यांनी आर्टेमिस देवीला नवस केला होता की, जितके शत्रू मारू तितक्या बकऱ्या देऊ. मेले ६,४००. एवढ्या बकऱ्या आणावयाच्या कोठून? तेव्हा दर वर्षी पाचशे देण्याचे ठरले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. पुढे सहाशे वर्षांनी प्लुटार्क लिहितो की लढाईच त्या महिन्याच्या सहाव्या दिवशी झाली. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट ब्योक या जर्मन पंडिताने हे तपासले. पौर्णिमेनंतर घडलेली लढाई महिन्याच्या सहाव्या दिवशी कशी असेल? सहावा दिवस नवस फेडण्याचा. लढाई त्याच्या आधीची. त्याने १२ सप्टेंबर ही तारीख काढली. २००४ साली अमेरिकेतील टेक्सासच्या खगोलज्ञांनी दाखविले की, स्पार्टाचे वर्ष अथेन्सप्रमाणे उन्हाळ्यात सुरू होत नसे, ते शरदात सुरू होई. आणि त्या वर्षी मधल्या काळात नवाऐवजी दहा अमावास्या पडल्यामुळे कार्निया एक महिना अलीकडे आला असावा. मग तारीख होते १२ ऑगस्ट. आमच्या चौकीदाराच्या पोळ्यात जी अडचण होती, अमावास्या ऑगस्टची की सप्टेंबरची, तीच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पौर्णिमेत आहे.

प्लुटार्कच्या वेळी जे झाले तेच आपल्याकडे झाले, असे माझे मत आहे. पानिपतच्या छावणीत १४ जानेवारी ही तारीख कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा. ही नवी कालगणना खुद्द इंग्लंडने १७५२ साली स्वीकारली, पानिपतच्या जेमतेम आठ वर्षे आधी. जुन्या इंग्रजी गणतीने तोच दिवस ३ जानेवारी म्हणावा लागला असता. आणि संक्रांत त्यांनी चार दिवसांपूर्वी, शुद्ध चतुर्थीच्या सुमारास, जशी जमली तशी केली असेल. त्या पिढीतील माणसाने हे दोन दिवस एक समजणे शक्यच नव्हते. पुढे इंग्रजी तारखा रूढ झाल्या. अष्टमीची १४ जानेवारी झाली आणि तेथे ती कायम राहिली. संक्रांत मात्र चालत होती: १८६३ साली १२ ला, १९०९ साली १३ ला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास ती बहुतेक १४ ला येऊ लागली. दोघी एका चौकटीत आल्या आणि पाहणाऱ्यांनी त्या पहिल्यापासून एकत्र होत्या असे धरले.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. १० जानेवारीला छावणीत काय स्थिती होती, ते पाहा. अब्दालीने दोन महिन्यांहून अधिक काळ वाटा अडविल्या होत्या. त्याची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्येच पडले होते. माणसे आणि जनावरे दोन्ही उपाशी होती. लढाऊ फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचीही तोंडे होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने फौज १४ ला बाहेर पडली. संक्रांत येऊन गेली होती आणि तिळगुळाच्या दिवशी तिळाचा दाणा मिळण्याची पंचाईत होती. दिवसाला दोष दिला की दाण्याचा हिशेब मागावयाचा राहून जातो. हमालाला विचारा, पोते वेळेवर पोहोचले नाही तर काय होते, हे तो पंचांग न पाहता सांगेल. संक्रांतीचे वाहन, वस्त्र, दिशा पाहून भिण्याची रीत पंचांगात आहेच. तिला पानिपतची साक्ष जोडण्याची गरज नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिच्यात होते. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर आणि सरकारी पत्रांवर तिची तारीख असते, बाकी तिची विचारपूस कोणी करीत नाही. तिच्यात उत्तरायणाचा आरंभ २२ डिसेंबरला धरला आहे, आणि दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तोही तेव्हापासूनच. संक्रांत आणि खरे उत्तरायण हे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकत्र होते. तेव्हापासून संक्रांत चोवीस दिवस पुढे चालून आली आहे.

आणि ती थांबलेली नाही. अलीकडे काही वर्षी १५ जानेवारीस संक्रांत येते, हे आपण पाहतोच. २१०० साल लीप नसल्यामुळे तिला एकदम एक दिवसाचा धक्का बसेल, आणि २१०२ साली सूर्य मकरेत शिरेल तो १६ जानेवारीच्या पहाटेपूर्वी. त्या वेळी या गावात जी मुले शाळेत असतील त्यांच्या कॅलेंडरात पानिपत संक्रांतीच्या दोन दिवस आधी असेल. १७६१ साली ते चार दिवस नंतर होते. दोन्ही वेळी तारीख १४ जानेवारीच.